मोठ्या वॉटरपार्क रिसॉर्टमधे दोन रात्री: घरात म्हातारं माणूस आणि लहान मुलं असतील तर बुकिंगच्या आधी वाचा

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. मे महिन्यात पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा आले होते, आमची दोन मुलं, मुलगी बारा आणि मुलगा सात, आणि सासूबाई 74 वर्षांच्या. एकूण आठ माणसं. दिराच्या मुलाने कुठल्यातरी व्हिडिओत गोव्यातलं ते मोठं रिसॉर्ट बघितलं होतं, आतच वॉटरपार्क, आतच राईड, आतच जेवण, आणि त्याने पुण्याहून निघतानाच हट्ट धरला की काका आपण तिथेच राहायचं. गोव्याचे असून गोव्यात खोली भाड्याने घेऊन राहायचं हे सासूबाईंना आधीपासून पटत नव्हतं पण नातवंडांसाठी त्या काही बोलल्या नाहीत. रिसॉर्टचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते बऱ्यापैकी सगळ्याच अशा मोठ्या जागांना लागू होतं, आणि तिथल्या साध्या कामगारांना माझ्यामुळे त्रास व्हायला नको. माझ्याकडून 5 पैकी 2 स्टार, आणि ते दोन्ही त्या पोरांना जे ऊन्हात उभं राहून दिवसभर हसून बोलत होते.

आधी पैशाचं सांगते म्हणजे मोकळं होता येईल. दोन खोल्या, दोन रात्री, एका खोलीचे रात्रीला 11,500. म्हणजे 46,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,280, झाले 54,280. खोलीचा दर रात्रीला 7,500 च्या वर गेला की जीएसटी 18 टक्के लागतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटच्या बिलावर पण 18 टक्केच लागतो हे माहीत नसतं, बाहेर साध्या हॉटेलात जेवलात तर 5 टक्के. बाहेरचं खायचं आत न्यायला बंदी, त्यामुळे तुम्ही चहा जरी प्यायलात तरी त्याच दराने. दुपारचा बुफे मोठ्यांना 950, पाच वर्षांच्या वरच्या मुलांना 600. आमचे आठ जणांचे 6,550 आणि वर टॅक्स 1,179. सासूबाईंनी त्यात दहीभात खाल्ला आणि पापड. त्यांच्यासाठी काही कमी होईल का विचारलं तर सिस्टिममधे ऑप्शन नाही म्हणाले.

त्याच बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज पण आला होता, 655 रुपये. हा द्यायलाच पाहिजे असं नाही हे लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मधे नियम काढलाय की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि मार्च 2025 मधे दिल्ली हायकोर्टाने तो नियम कायम ठेवलाय. मी शांतपणे सांगितलं तर कॅशियरने मॅनेजरला फोन केला आणि दोन मिनिटांत काढून दिला. पण बाजूच्या टेबलावरच्या कुटुंबाने माझ्यासमोर भरला, त्यांना कोणी सांगितलं नाही. कोणी काढायला नकार दिला तर 1915 या नंबरवर तक्रार करता येते.

पैसे गेले तर गेले, वर्षातून एकदा खर्च होतोच, त्याचं मला फार वाटत नाही. मला वाईट वाटलं ते सासूबाईंचं आणि माझ्या धाकट्याचं.

पहिल्या दिवशी चेकइनला प्रत्येकाच्या मनगटावर तो प्लास्टिकचा पट्टा बांधतात, एकदा लावला की कापल्याशिवाय निघत नाही. सासूबाईंच्या हाताला पण बांधला, हिरवा, बांगड्यांच्या वर. पॅकेजमधे त्यांचं पार्कचं तिकीट धरलेलंच होतं, त्या राईडवर बसणार नाहीत हे सांगूनसुद्धा. ठीक आहे म्हटलं, निदान पाण्यात पाय तरी सोडून बसतील, त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटेल. तर पार्कच्या आत नायलॉनचा कॉस्च्यूम घातल्याशिवाय पाण्याजवळ जायला परवानगी नाही. याचं कारण मला समजतं, सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टरमधे अडकतात आणि साडी पाण्यात पायात गुंडाळली तर धोका असतो, नियम चुकीचा नाही. पण मग 74 वर्षांची बाई साडीत आली तर तिने चार तास काय करायचं याचा विचार अख्ख्या जागेत कोणीतरी केलेला असावा ना. पाय बुडवून बसायला एखादा कट्टा, एखादं झाड, काही नाही. झाडं आहेत ती शोभेची, खजुराची जात, ज्यांची सावली माणसाच्या डोक्यावर पडत नाही. एक मोठी छत्री होती, तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत त्या बसल्या आणि आमच्या सहा पिशव्या, आठ जोड चपला, चष्मे, मोबाईल सगळं त्यांच्या पायाशी. लॉकर होते, 200 रुपये भाडं आणि 300 डिपॉझिट, एक घेतला पण आमची मोठी बॅग त्यात मावत नव्हती. ऊन सरकलं तशी छत्रीची सावली सरकली आणि त्या खुर्ची ओढत ओढत सावलीबरोबर सरकत होत्या, हे मी वर जिन्याच्या लायनीतून बघितलं. मी खाली येऊन म्हटलं आई खोलीवर जाऊया का, तर म्हणाल्या, "नको गो, तुम्ही जावा, मी हंयच बरी आहे, तुमचं सामान कोण बघणार?" आमच्या सहलीत त्यांच्या वाट्याला सामान राखणं आलं, आणि त्यासाठी आम्ही त्यांचं पूर्ण तिकीट भरलं होतं.

खोलीवर जायचं म्हटलं तरी सोपं नव्हतं. जागा एवढी मोठी की पार्कपासून आमची बिल्डिंग लांब, मधे चढ, आणि त्यासाठी बॅटरीवरच्या बग्ग्या. फोन केला की पाच मिनिटांत पाठवतो म्हणतात. आम्ही एकदा पंचवीस मिनिटं थांबलो, सासूबाई बाथरूमला जायचं म्हणून कासावीस झालेल्या. म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्यांनी हे एवढं एक जरी विचारलं, की माझी खोली पार्कच्या आणि जेवणाच्या जागेपासून किती लांब आहे, तरी पुष्कळ त्रास वाचेल.

आता धाकट्याचं. सगळ्या मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यापाशी एक रंगवलेला लाकडी डॉल्फिन उभा, त्याचा पंख 120 सेंटीमीटरवर आडवा, त्याच्या खाली डोकं राहिलं तर सोडत नाहीत. माझा मुलगा 116. पहिल्या डॉल्फिनपाशी तो सरळ उभा राहिला. दुसऱ्यापाशी टाचा उचलल्या. तिसऱ्यापाशी त्याने केस बोटांनी वर उभे केले, तिथला पोरगा वाकून त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, बाबू अगले साल पक्का, आणि माझ्या मुलाने फक्त मान हलवली आणि माझ्यामागे येऊन उभा राहिला. रडला असता तर बरं झालं असतं. उंचीचा नियम मोडा असं मी कधीच म्हणणार नाही, पट्टे आणि दांडे ठराविक उंचीच्या शरीरासाठी बनवलेले असतात आणि लहान मूल त्यातून निसटू शकतं, तो नियम पाहिजेच. पण बुकिंग करताना मी मुलांची वयं भरली होती, फोनवर पण बोलले होते, तेव्हा कोणी एका शब्दाने सांगितलं नाही की सात वर्षांच्या मुलाला यातलं अर्ध्याहून जास्त करता येणार नाही. वय विचारतात ते पैसे ठरवायला, उंची कोणीच विचारत नाही. घरून निघायच्या आधी मुलाला भिंतीला उभं करून मोजा आणि त्यांना फोनवर विचारा की एवढ्या उंचीला नेमक्या कुठल्या राईड, नावं घेऊन सांगा. त्या दिवशी नऊपैकी तीन राईड दुरुस्तीसाठी बंद होत्या, तेही गेटच्या आत गेल्यावर बोर्डवर कळलं.

आणि लाईन. मी बीकॉम केलंय आणि दुकानाचा हिशोब बघते म्हणून मला उभ्या उभ्या मोजायची सवय आहे. मोठ्या राफ्टच्या घसरगुंडीत एका राफ्टमधे चार माणसं, दीड मिनिटाला एक राफ्ट सुटतो, म्हणजे तासाला चाळीस राफ्ट, 160 माणसं. आमच्या पुढे साधारण 180 जण होते, म्हणजे सव्वा तास धरायला हरकत नाही. पण शेजारी दुसरी लाईन होती, जास्तीचे पैसे भरलेल्यांची, आणि दर तिसरा राफ्ट त्यांना जात होता. म्हणजे आमच्या लायनीला तासाला 106-107 च माणसं. आम्ही एक तास पस्तीस मिनिटं उभे राहिलो, सिमेंटच्या जिन्यावर, अनवाणी, मे मधलं ऊन आणि गोव्याचा तो दमट घाम, पाय इतके भाजत होते की मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. खाली यायला अठ्ठावीस सेकंद लागले, जावेने घड्याळ लावून मोजले. मुलांना मजा आली का, आली. लगेच म्हणाली परत जाऊया. मी हो म्हणू शकले नाही.

हे जास्तीचे पैसे भरून पुढे जाण्याचं सगळीकडेच असं झालंय. डिस्नेने 1999 मधे फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता, तिकीट असलेल्या कोणालाही मिळायचा. 2021 पासून अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांत त्याच्या जागी पैसे भरून घ्यायचं आलं. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती ही, की पुढे जाणारा माणूस तुमच्याच वेळातून पुढे जातो. राईडची क्षमता तेवढीच असते, त्याने वाचवलेली वीस मिनिटं कोणाच्या तरी लायनीत वाढतात. आमच्या पुढे एक बाई होती कारवारकडची, कडेवर बाळ, तिने तीनदा त्या दुसऱ्या लाईनकडे बघितलं आणि मग नवऱ्याला कन्नडमधे काहीतरी म्हणाली, नवरा खाली बघत राहिला. मला ते बघून फार वाईट वाटलं. मुलांच्या सहलीत तरी हे नको होतं.

चार वाजता वळवाचा पाऊस आला. गोव्यात मेच्या शेवटी येतोच, यात कोणाचा दोष नाही, आणि विजा कडकडल्या की पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढायलाच पाहिजे, ते त्यांनी पटकन आणि नीट केलं, त्याबद्दल कौतुक. पण मग दीड तास सगळं बंद, हजारभर ओली माणसं दोन शेडमधे, टॉवेल भाड्याने, आणि परत चालू झालं तेव्हा पार्क बंद व्हायला पाऊण तास उरला होता. दुसऱ्या दिवशी थोडा वेळ भरून मिळेल का विचारलं तर पॅकेजमधे पार्क फक्त एकाच दिवसाचा, दुसऱ्या दिवशीचं तिकीट वेगळं. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हवामानामुळे बंद झालं तर परतावा नाही. आम्ही वाचलं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळ्यात ऑफर स्वस्त असतात त्याचं कारण हे पण आहे. आमच्याकडे सहावीपासून पुढच्या वर्गांचं वर्ष 2025 पासून एप्रिलमधेच सुरू होतं, त्यामुळे मुलांची सुट्टी मे मधेच सापडते आणि गर्दी, ऊन, वळीव तिन्ही एकदम.

संध्याकाळी तिन्ही मुलांचे डोळे लाल. माझा नवरा कुंडईला औषध कंपनीत क्वालिटीला आहे, त्याने पाण्याजवळ गेल्यागेल्याच नाक आक्रसलं होतं. तो सांगतो ते मला आधी माहीत नव्हतं म्हणून लिहिते, पोहायच्या पाण्याला जो उग्र क्लोरीनसारखा वास येतो तो स्वच्छतेचा वास नसतो. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की त्यातून क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास, आणि डोळे पण त्यांनीच चुरचुरतात. म्हणजे जितका वास उग्र तितकी गर्दी त्या पाण्याला झेपत नाहीये. पाण्याचा पीएच साधारण 7.2 ते 7.8 मधे असायला हवा, आणि तो दिवसातून बऱ्याचदा तपासून लिहून ठेवायचा असतो. त्याने ड्युटीवरच्या लाईफगार्डला नीट विचारलं की आजचं रजिस्टर बघायला मिळेल का. त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं कुठे असतं, ऑफिसला विचारा म्हणाला, ऑफिसने उद्या या सांगितलं, उद्या रविवार होता. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्या असा बोर्ड होता पण दहा शॉवरांपैकी चार चालू. लहान मुलांच्या उथळ कुंडाजवळ वास सगळ्यात जास्त होता, आणि माझ्या धाकट्याला त्या दिवशी तेवढंच एक कुंड मोकळं होतं.

जेवणाबद्दल थोडकंच. बुफेत पंजाबी, चायनीज, पास्ता, सगळं होतं आणि गरम होतं. पण सकाळी नाश्त्याला आमचे गोव्याचे पाव, पोळी आणि उंडो, नाहीत, पातळभाजी नाही. पिशवीतला कापलेला ब्रेड. गेटच्या बाहेर रस्त्यावर सकाळी सहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजलेला मी स्वतः खोलीतून ऐकला, म्हणजे ताजा पाव दोनशे मीटरवर सायकलवर होता आणि आत आम्ही टोस्टरच्या रांगेत उभे. सासूबाईंना सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि एखादा खारातला आंब्याचा तोर, म्हणजे कैरी, लागतो, पोटाचं औषध घ्यायचं असतं त्याच्या आधी. किचनमधला एक मुलगा पेडण्याचा निघाला, त्याला सांगितलं तर त्याने स्टाफच्या जेवणातली पेज वाटीभर आणून दिली, पैसे घेतले नाहीत. देव त्याचं भलं करो. दुसऱ्या दिवशी त्याची ड्युटी नव्हती.

बाहेर जाऊन खाऊन येऊ म्हटलं तर आमच्या दोन गाड्या होत्या म्हणून जमलं असतं तरी, पण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं. गोव्यात ओला-उबर नाहीत, गोवा माइल्स ॲप आहे पण अशा आतल्या जागी गाडी लगेच सापडेल याची खात्री नाही, बस पकडायची तर मुख्य रस्त्यापर्यंत सामान घेऊन चालत जायचं. खरं तर अशा जागा बांधतातच त्या हिशोबाने. मी परत आल्यावर याबद्दल थोडं वाचलं. डिस्नेलँड 1955 ला कॅलिफोर्नियात उघडलं तेव्हा जागा लहान होती, आणि आजूबाजूला लोकांनी आपापली मोटेलं आणि हॉटेलं काढली, पार्कला आलेल्या माणसांचा पैसा तिकडे गेला. मग फ्लोरिडात दुसरं काढताना त्यांनी आधीच साधारण 27,000 एकर जमीन घेऊन ठेवली, आणि 1971 ला ते उघडलं तेव्हा राहणं, खाणं, फिरणं सगळं त्यांच्याच जमिनीवर. तेव्हापासून जगभर मोठ्या रिसॉर्टांचा नमुना हाच, माणूस आत आला की बाहेर जायची गरज पडू नये. धंदा म्हणून हुशारी आहे, मी नाही म्हणत नाही. पण गोव्यात येऊन गोव्याच्या बाहेर राहिल्यासारखे दोन दिवस काढायचे यात पाहुण्याचं नुकसान आहे आणि बाहेर चहाचा गाडा लावून बसलेल्या माणसाचं पण. माझी जाऊ पहिल्यांदाच इतके दिवस गोव्याला आली होती, तिला मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा करायची होती, तिची ओटी पुण्याहून बांधून आणलेली, ती बॅगेत तशीच राहिली दोन दिवस. "वहिनी, उद्या तरी जमेल ना?" हे तिने दोनदा विचारलं. पैसे भरलेत तर वसूल करायचे या नादात आम्हीच तिला थांबवलं, त्याची मला अजून टोचणी आहे.

तिसऱ्या दिवशी चेकआउट अकराला, आम्ही साडेआठलाच निघालो. कॉस्च्यूमचं डिपॉझिट परत घ्यायला मात्र चाळीस मिनिटं. लॉकरचं कार्डावर येईल म्हणाले, आज तीन आठवडे झाले, 300 रुपये आले नाहीत, दोन मेल केलेत, दोन्हीला आपोआप येणारं उत्तर आलंय.

आधी फोंड्याकडे जाऊन मंगेशी आणि कवळे दोन्ही केलं, जावेची ओटी भरली. तिथून घरी जाताना नार्वेला श्रीसप्तकोटेश्वराला थांबलो. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीच्या या बाजूला आणलं आणि 1668 मधे शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख आहे. पुरातत्त्व खात्याने नीट डागडुजी करून 2023 मधे परत खुलं केलंय, आत इतकं गार होतं की सासूबाई खांबाला टेकून तासभर बसल्या, कोणाच्या चपला न राखता. मग खाली धक्क्यावर जाऊन मुलांना फेरीबोटीत बसवलं. माणसांना तिकीट लागत नाही. मांडवीतून दिवाडीला जायचं, उतरायचं, तीच फेरी पकडून परत यायचं. धाकटा पुढच्या लोखंडी फळीच्या साखळीपाशी उभा होता, तिथल्या खलाशाने त्याला दोन पावलं मागे घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, उंची कोणी विचारली नाही. दिराचा मुलगा, ज्याचा सगळा हट्ट, तो तिसऱ्या फेरीला पण खाली उतरायला तयार नव्हता.

कोणाला तरीही जायचंच असेल, आणि सगळी मुलं 120-130 सेंटीमीटरच्या वर असतील, तर राहू नका, आठवड्याच्या मधल्या दिवशी एका दिवसाचं तिकीट काढा, पार्क उघडायच्या वेळेला गेटवर असा, सगळ्यात मोठी राईड पहिली करा कारण अकरानंतर लाईन वाढतच जाते, आणि म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी घरी किंवा नातेवाईकांकडे सोडा. फोन करून कुठल्या राईड बंद आहेत ते त्याच दिवशी सकाळी विचारा. खोलीचे पैसे वाचतील त्यात दोन दिवस साध्या होमस्टेत राहता येतं. आणि मनगटाचा पट्टा निघताना तिथल्या काउंटरवरच कापून घ्या, आम्ही घाईत विसरलो, सासूबाईंचा पट्टा बांगड्यांमधे अडकला होता, घरी आल्यावर मी विळीच्या टोकाने जपून कापला तरी काचेची एक बांगडी फुटली.